थायरॉईड बिघडला की रक्तही बदलतं

श्रोतेहो, नमस्कार.

दाढ काढून दोन दिवस झाले होते आणि तरी तिच्या तोंडातला कापूस लाल होत होता. चाळिशीच्या आतली बाई, पदर तोंडाला लावून माझ्यासमोर बसलेली. दातांच्या डॉक्टरांनी टाके घातले होते, औषध दिलं होतं, आणि शेवटी "फिजिशियनना दाखवा" म्हणून पाठवलं होतं. सोबतच्या सासूबाई काळजीनं सांगत होत्या, "मॅडम, उष्णता झालीय तिला. गुलकंद दिला, सब्जाचं पाणी दिलं, तरी रक्त थांबेना." मी तिला विचारलं, "ताई, पाळीत अंगावरून किती जातं?" पदर न काढताच ती म्हणाली, "जातं भरपूर. आठ-आठ दिवस. पण ते काय, बायकांना असतंच."

तिचा आवाज घोगरा होता. मे महिन्यात तिनं पूर्ण बाह्यांचं ब्लाउज घातलं होतं आणि वर शाल घेतली होती. पापण्या सुजल्यासारख्या, कातडी कोरडी, टाचांना खोल भेगा. दंडावर एक काळानिळा डाग होता. कशाचा, ते तिला आठवत नव्हतं. मी तिला खुर्चीवर गुडघे टेकून पाठमोरं बसायला सांगितलं आणि घोट्यामागच्या शिरेवर रबरी हातोडीनं हलकेच मारलं. पाऊल झटकन खाली गेलं. परत जागेवर येताना मात्र ते रेंगाळत आलं, एखादं जड दार आपल्याच वजनानं सावकाश मिटावं तसं. हातोडीची ही तपासणी जुनी आहे, तिला खर्च नाही. पाऊल असं परत आलं की डॉक्टरच्या मनात पहिला शब्द येतो तो थायरॉईडचा.

रिपोर्ट आले. प्लेटलेट्स पुरेशा. थायरॉईडची टीएसएच नावाची तपासणी साधारण ०.४ ते ४ च्या दरम्यान असायला हवी, तिची शंभराच्या वर होती. थायरॉईडचं हार्मोन कमी पडलं की हा आकडा चढतो. आणि रक्त गोठण्यासाठी लागणारं एक प्रथिन, व्हॉन विलेब्रँड फॅक्टर, निम्म्याहूनही कमी होतं.

दाढेतून रक्त थांबत नव्हतं याचं कारण मानेत होतं. आज मला याच विषयावर तुमच्याशी बोलायचं आहे, कारण या दोन गोष्टींचा संबंध आहे हे रुग्णांना कुणी सांगत नाही, आणि खरं सांगायचं तर आम्ही डॉक्टरही पुष्कळदा विचारत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. आपल्याकडे "मला थायरॉईड आहे" असं म्हणतात. थायरॉईड ही ग्रंथी, ती सगळ्यांनाच असते. कंठाच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून, फुलपाखरासारखी पसरलेली, पंधरा-वीस ग्रॅम वजनाची. प्रश्न असतो तो तिचं हार्मोन कमी पडतंय की जास्त होतंय हा. तुमच्या घरी ज्यांना "थायरॉईड" असेल त्यांना आजच विचारून घ्या, कमी की जास्त? कारण रक्ताच्या बाबतीत या दोन्हींची दिशा उलटी आहे.

कुठं कापलं तर रक्त कसं थांबतं? फुटलेल्या रक्तवाहिनीच्या तोंडाशी आधी प्लेटलेट्स, म्हणजे रक्तातल्या अगदी बारीक चकत्या, जमा होतात. पण वाहत्या रक्तात त्या भिंतीला चिकटून राहायच्या कशा? लहानपणी आपण पतंगाचा कागद चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ करायचो. शरीराकडे अशीच एक खळ असते, तीच ही व्हॉन विलेब्रँड फॅक्टर. ती प्लेटलेट्सना भिंतीशी चिकटवते, आणि आठव्या क्रमांकाचा गोठणघटकही सांभाळून वागवते. ती नसेल तर तो घटक रक्तात टिकत नाही. मग इतर घटक एकामागून एक जागे होतात आणि फायब्रिनचं जाळं विणलं जाऊन गुठळी पक्की होते. काम झालं की ती गुठळी विरघळवून टाकणारी यंत्रणाही शरीरातच असते.

थायरॉईडचं हार्मोन कमी पडलं की ही खळ कमी तयार होते. आठवा घटकही कमी होतो. मग हिरड्यांतून रक्त येतं, नाकाचा घोळणा फुटतो, जरा कुठं आपटलं की काळंनिळं होतं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे पाळीत अंगावरून जातं. पाळीच्या बाबतीत आणखी एक भर पडते. थायरॉईड कमी असला की बीजकोशातून बीज वेळेवर सुटत नाही, गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं, आणि ते सुटतं तेव्हा भरमसाट सुटतं. अस्तर जाड आणि रक्त थांबवणारी खळ पातळ, अशी दुहेरी अडचण.

या प्रथिनाला ज्यांचं नाव मिळालं ते एरिक फॉन विलेब्रँड फिनलंडचे डॉक्टर. १९२४ साली बाल्टिक समुद्रातल्या ऑलंड बेटांवरची पाच वर्षांची एक मुलगी त्यांनी तपासली. तिच्या कुटुंबात रक्तस्रावानं मुलं दगावलेली होती. १९२६ मध्ये त्यांनी या आजारावर लेख लिहिला. ती मुलगी पुढे तेराव्या वर्षी गेली, तिच्या चौथ्या पाळीत, रक्त न थांबल्यानं. हे मी जेव्हा जेव्हा आठवते तेव्हा "बायकांना असतंच" हे वाक्य मला सहन होत नाही. त्या मुलीचा आजार जन्मजात होता, आणि तेव्हा त्यावर काही उपाय नव्हता. आमच्या ताईंचा आजार थायरॉईडमुळे मागाहून आलेला होता. थायरॉईडची गोळी पोटात गेली, हार्मोन पुरेसं झालं, की खळ पुन्हा तयार होऊ लागते. रोजच्या एका छोट्या गोळीनं भरून निघणारी ही उणीव आहे.

आपल्या महाराष्ट्रात पाळीत जास्त जातं म्हणून "पिशवी काढून टाका" हे फार लवकर ऐकावं लागतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी करावी लागली. त्यामागे बुडणारी मजुरी, कॅन्सरची भीती, अशी निराळी दुखणी होती, त्यांचा दोष मी थायरॉईडवर टाकत नाही. पण माझं कळकळीचं सांगणं आहे, मावशी, ताई, पिशवी काढायचं कुणी सुचवलं तर आधी विचारा: "माझा टीएसएच केला का? रक्त गोठण्याची तपासणी केली का?" रक्ताची साधी तपासणी आहे. पोट उघडण्याआधी ती व्हायलाच हवी.

आता एक सापळा सांगते, तो मी घरोघरी पाहिला आहे. अंगावरून जास्त गेलं की हिमोग्लोबिन उतरतं. मग लोहाच्या गोळ्या सुरू होतात. थायरॉईडची गोळीही सुरू असते. बाई कामाच्या धबडग्यात दोन्ही गोळ्या सकाळी एकदमच घेते, वर चहा. लोह पोटात थायरॉईडच्या गोळीला धरून ठेवतं, ती रक्तात पुरेशी उतरत नाही. थायरॉईड कमीचा कमीच राहतो, पाळीत जायचं तसंच जातं, हिमोग्लोबिन आणखी उतरतं, आणि कुणीतरी लोहाच्या गोळ्या आणखी वाढवतं. मी एकदा एका बाईंना गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतायला सांगितली. दोन्ही पाकिटांना मिळून एकच रबर लावलं होतं, "विसरायला नको" म्हणून. काळजीपोटी केलेली गोष्ट, आणि त्यानंच वर्षभर औषध लागू पडलं नव्हतं. थायरॉईडची गोळी सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासानं. लोह आणि कॅल्शियम त्यानंतर किमान चार तासांनी. दुपारच्या जेवणानंतर घेतलं की झालं.

दुसरा सापळा अंगदुखीचा. थायरॉईड कमी असला की अंग ठणकतं, पाय वळतात. मग मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणली जाते. ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या प्लेटलेट्सना नीट काम करू देत नाहीत. खळ आधीच पातळ, त्यात चकत्याही ढिल्या. रक्त जास्त जाण्याची खोड असेल तर दुखण्यासाठी काय घ्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच घ्या. आणि हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ती परस्पर बंदही करू नका.

आता थायरॉईड जास्त असण्याकडे वळू. भूक भरपूर तरी वजन उतरतंय, हात थरथरतात, घाम, छातीत धडधड, झोप नाही. या शरीरात सगळं उलट चालतं. खळ वाढते, आठवा घटक वाढतो, फायब्रिनोजेन, म्हणजे फायब्रिनच्या जाळ्याचा कच्चा माल, वाढतं, आणि गुठळी विरघळवणारी यंत्रणा मंदावते. म्हणजे रक्ताचा कल गोठण्याकडे झुकतो. पायाच्या खोल शिरेत, क्वचित मेंदूच्या शिरांमध्येही गुठळी होऊ शकते.

याहून मोठा धोका हृदयात असतो. थायरॉईड जास्त झाला की काहींच्या हृदयाचे वरचे कप्पे ठोक्याला आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागतात. त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. डाव्या कप्प्याला एक छोटासा खिसा असतो, तिथे रक्त साचून राहतं, गोठतं, आणि तिथून सुटलेली गुठळी मेंदूत गेली की अर्धांगवायू. वयस्कर माणसांत तर थरथर नाही, घाम नाही, नुसतं वजन उतरलेलं आणि नाडी चुकलेली, एवढंच दिसतं. "वय झालं" म्हणून घरचे गप्प बसतात. घरातल्या आजी-आजोबांचा हात हातात घ्या. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर आपली दोन बोटं ठेवा आणि मिनिटभर नाडी मोजा. ठोके सारख्या अंतरानं पडत असतील तर ठीक. एक लवकर, एक उशिरा, मग दोन घाईघाईनं, कशाचा कशाला मेळ नाही, असं लागलं तर ईसीजी काढायला न्या, आणि त्याच दिवशी टीएसएचही करायला सांगा.

आणि आता मी त्या गोष्टीकडे येते जिच्यासाठी हे भाषण द्यायला मी लगेच हो म्हटलं.

आपल्या भागात लहानपणच्या संधिवाताच्या तापानं हृदयाची झडप खराब झालेली खूप माणसं आहेत. त्यांतल्या कित्येकांना धातूची झडप बसवलेली असते. त्यांना आयुष्यभर "रक्त पातळ व्हायची गोळी" घ्यावी लागते, वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमेरॉल. नाव तसं पडलं असलं तरी ती रक्त पातळ करत नाही. यकृत व्हिटॅमिन के वापरून चार गोठणघटक तयार करतं, दुसरा, सातवा, नववा आणि दहावा. ही गोळी ते काम अडवते. हिचा शोधही गुरांच्या गोठ्यातून लागला. १९२० च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेत बुरशी लागलेला गोड क्लोव्हरचा चारा खाऊन गाई रक्तस्रावानं मरत होत्या. त्या चाऱ्यातलं द्रव्य पुढे विस्कॉन्सिनमध्ये कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेनं वेगळं केलं, आणि त्यातूनच वॉरफरिन आलं. गोळीचं माप बसलंय की नाही हे आयएनआर या तपासणीनं कळतं. बहुतेक झडपांना तो २ ते ३.५ च्या मधल्या कुठल्यातरी पट्ट्यात ठेवायचा असतो, झडप कुठली आणि कुठे बसवलीय त्यावर. खाली गेला तर झडपेवर गुठळी, वर गेला तर रक्तस्राव.

माझ्याकडे येणाऱ्या एक मावशी. अकरा वर्षांपूर्वी झडप बदललेली, आयएनआर कायम पावणेतीनच्या आसपास. घरी दोन म्हशी. डेअरीच्या दुधाच्या हिशेबाची जी लांबट वही असते ना, तिच्या मागच्या पानांवर त्या आयएनआर लिहून ठेवायच्या. पुढून फॅट, मागून आयएनआर. एके दिवशी मुलगा त्यांना घेऊन आला. हिरड्यांतून रक्त, शौचाला डांबरासारखी काळी. आयएनआर सातच्या वर. गोळी चुकली नव्हती, जास्तही घेतली नव्हती, वहीत सगळं जिथल्या तिथं होतं. दाखल केलं, व्हिटॅमिन के दिलं, प्लाझ्मा, म्हणजे गोठणघटक असलेला रक्तातला पातळ भाग, चढवला. नुसती गोठण्याची औषधं भरभरून देऊनही चालत नाही, कारण आत धातूची झडप. ते तीन दिवस मला नीट झोप लागली नाही.

चौथ्या दिवशी कळलं. थकवा आणि सूज म्हणून त्या दुसरीकडे गेल्या होत्या. थायरॉईड फार कमी निघाला, आणि दोन महिन्यांपूर्वी थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडची गोळी, सुरू झालं होतं. निदान बरोबर, औषध बरोबर, मापही बरोबर. फक्त "रक्ताची गोळी चालू आहे का" हे तिथे कुणी विचारलं नाही. आणि दोन महिन्यांत "नवीन काही सुरू केलंय का" हे मीही विचारलं नाही.

काय झालं होतं? थायरॉईड कमी असताना शरीराचा सगळा कारभार संथ असतो. ते चार गोठणघटकही संथपणे झिजतात, रक्तात जास्त टिकतात. म्हणून गोळी जास्त लागते, आणि मावशींचं माप त्याच हिशेबानं बसलेलं होतं. थायरॉक्सिन सुरू झालं, कारभाराला वेग आला, घटक भराभर झिजू लागले, आणि जुनंच माप आता फार जास्त झालं.

कुणी विचारेल, मॅडम, आत्ताच तर म्हणालात की थायरॉईड कमी असला की रक्त जास्त जातं, मग इथे उलटं कसं? शंका रास्त आहे. ती खळ आणि हे चार घटक वेगळे. खळ रक्तवाहिन्यांच्या अस्तरात बनते, तिला व्हिटॅमिन के लागत नाही. चार घटक यकृतात बनतात, आणि गोळी त्यांच्यावर चालते. म्हणून नुसत्या थायरॉईडच्या रुग्णाचा हिशेब एक, आणि गोळीवर असलेल्या रुग्णाचा हिशेब दुसरा.

थायरॉईड जास्त असलेल्याची गोष्ट याच्या उलट जाते. त्याला रक्ताची गोळी थोडी पुरते. पुढे कार्बिमॅझोल या औषधानं थायरॉईड उतरू लागला की ती थोडी गोळी अपुरी पडते, आयएनआर घसरतो आणि झडपेवर किंवा हृदयाच्या त्या खिशात गुठळी धरू शकते. थायरॉईड वर जावो की खाली यावा, तो हलू लागला की आयएनआर लवकर लवकर तपासायचा. महिन्याच्या जागी आठवड्याला किंवा दहा दिवसांनी, दोन्ही स्थिर होईपर्यंत. थायरॉक्सिनचं माप बदललं की त्याचा पूर्ण परिणाम यायला सहा आठवडे लागतात, त्यामुळे एकदा तपासून निर्धास्त होऊ नका.

चुकलेल्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन नावाची गोळी देतात. तिच्या २०० मिलिग्रॅममध्ये सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं, आणि आपल्याला रोज लागतं ते एका मिलिग्रॅमच्या सातव्या हिश्शाएवढं. त्यामुळे ती थायरॉईड वरही नेऊ शकते, खालीही, आणि शिवाय रक्ताच्या गोळीचा जोर स्वतःही वाढवते. या तिन्ही गोष्टी एकाच कागदावर असतील तर दर सहा महिन्यांनी टीएसएच विसरू नका. केस गळतात म्हणून बायोटिन नावाचं जीवनसत्त्व घेणाऱ्यांनी तपासणीआधी दोन दिवस ते थांबवावं. त्यानं काही प्रयोगशाळांत थायरॉईडचे आकडे खोटे येतात आणि त्या आकड्यांवर गोळी बदलली जाते.

दाढेच्या ताईंचं सांगायचं राहिलं. रक्तस्राव तेव्हा औषधानं थांबवला आणि थायरॉक्सिन सुरू केलं. तीन महिन्यांनी व्हॉन विलेब्रँड फॅक्टर नेहमीच्या पातळीवर आला. दुसरी किडकी दाढ आम्ही त्यासाठीच थांबवून ठेवली होती, ती नंतर काढली. पाव तासात कापूस पांढरा. पाळी आता चार-पाच दिवसांची आहे. सासूबाई मला म्हणाल्या, "माझ्या धाकट्या लेकीलाही असंच जातं, तिला आणू का?" मी म्हटलं, उद्याच आणा.

आणि मावशींच्या वहीत आता तीन रकाने आहेत. आयएनआर निळ्या पेननं, टीएसएच हिरव्या पेननं, आणि तिसऱ्यात गोळ्यांची मापं. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे गेल्या तरी आधी वही टेबलावर ठेवतात, मग बसतात. मागच्या महिन्यात मी थायरॉईडची गोळी पंचवीस मायक्रोग्रॅमनं वाढवली. चिठ्ठी लिहीत होते तेवढ्यात त्यांनी वही पुढे सरकवली आणि पेनचं टोपण काढून विचारलं, "मॅडम, ही वाढवली, मग रक्ताची कधी तपासायची?"

"दहा दिवसांनी," मी म्हटलं. त्यांनी तारीख लिहून घेतली.